चोवीस तास दार बंद

सावद्याच्या बाहेर, फैजपूरच्या रस्त्याला
नेहेते बंधूंचं केळी पिकवायचं चेंबर.
वरच्या माडीवर माझी खोली :
टेबल, काट्याच्या पावत्या, जानेवारीतही फिरणारा पंखा
आणि तिसरं प्रकरण.

तिसऱ्या प्रकरणात एक बाई
आठ दिवसांपासून विहिरीवर उभी आहे.
बादली निम्म्यावर.
दोर तिच्या हातात की माझ्या, ठरत नाही.

आठला शेवटची गाडी भरून निघते, अकराला दिल्लीची येते.
मधले तीन तास मला कुणी दिलेले नाहीत.
वजनाच्या घटीत दाखवून
मीच ते बाजूला काढलेत.

बसतो. टोपण काढतो.
आठ वाजून चार मिनिटांनी दिसतं, टोपण मळलंय.
धुऊन येतो.
फोनवर उद्याचा भाव येतो;
मी केळी विकत नाही, घेतही नाही,
तरी बघतो.
मग पावत्या तारखेप्रमाणे लावतो,
मग खिडकीशी.
सातपुड्यावर, पालच्या बाजूला, एकच दिवा.
तिथे कोण जागं असेल याचा विचार करणं
म्हणजे लिहिणंच की,
असं स्वतःला समजावतो.
नसतं ते.

तेवढ्यात डिगंबर झोपेचा फोन :
बामणोदची वांगी आणलीत, पऱ्हाटी पेटवलीय, ये.
वास फोनच्या आधीच आलेला असतो.
परत येतो तेव्हा दिल्लीची गाडी खाली हॉर्न मारत असते,
बोटांना तेल, कांद्याची पात,
आणि बादली तळाला.
बाई माझ्याकडे बघतही नाही.

एका रात्री लिहायचं टाळायला
खाली उतरलो आणि तीन नंबरच्या कडीला हात घातला.
मुबारक तडवी स्टुलावरून उठला.
"दार नको उघडू बा. सकाळीच कोंडलंय."
"नुसतं बघतो."
"बघून पिकतं का केळं?"

मग त्याने आपली गोष्ट सांगितली, बिडी न पेटवता.
पहिल्या साली तो दर तासाला दार किलकिलं करायचा,
हौसेनं, काळजीनं.
माल निघाला तो अर्धा पिवळा, अर्धा हिरवा,
मधे नुसता दगड.
"अख्खा लॉट माह्या पगारात टाकला मालकानं."
थोडा थांबून म्हणाला,
"अन् चोवीस तास झाले की उघडायचंच.
नाही तर आतल्या आत उकडतं."

मी खिशातला फोन काढून त्याच्या हातावर ठेवला.
त्याने काही विचारलं नाही.
दार बोटभर उघडलं, फोन वरच्या क्रेटवर सरकवला,
कडी लावली,
पाटीवर खडूने वेळ लिहिली : ८.२०

माडीवर पहिला तास
हात आपोआप खिशाकडे जात राहिला,
दात पडल्यावर जीभ जाते तसा.
खालची मशीन घरघरत होती.
ती थांबली तेव्हा शांततेला वजन होतं,
काट्यावर ठेवता आलं असतं.
एक वाक्य लिहिलं. खोडलं.
तेच पुन्हा लिहिलं, एक शब्द कमी करून.
दिव्याकडे पाहिलं नाही. तो होता.

दहा केव्हा वाजले कळलं नाही.
कळलं ते इतकंच, की बाईने
पाय बदलला,
डावा विहिरीच्या दगडावर टेकला,
आणि दोर वीतभर वर आला.
वीतभरच.
पण ओला होता.

अकराला हॉर्न. मी उठलो. दार उघडून उभा राहिलो,
हवा आत येऊ दिली.

दुसऱ्या दिवशी वेळ भरल्यावर मुबारकने कडी काढली.
फोन थंडगार, अंगभर केळीचा वास,
डिगंबरचे सात कॉल.
त्याने तो बाहीला पुसला,
अंगठ्याने हळूच दाबून पाहिला
आणि माझ्याकडे देत म्हणाला,
"पिकला."